पंचफुलाबाईची ओसरी

अमरावतीला कॅम्पाच्या अंगाला, चिंचेच्या झाडांमागे, उंच जोत्याचा एक बंगला आहे. त्या बंगल्यात कोणी मोठा माणूस जन्मला नाही, कोणी मोठा माणूस मेला नाही. कुठल्या पुढाऱ्याने तिथे भाषण ठोकलं नाही की कोणी क्रांतिकारक माळ्यावर लपून बसला नाही. एका जिनिंग फॅक्टरीच्या गोऱ्या साहेबाने १९१२ साली तो बांधला, आणि त्या साहेबाचं नावसुद्धा आता कोणाला धड सांगता येत नाही. पण अमरावती, अकोला, परतवाडा या टापूतल्या कितीतरी घरांत जाऊन विचारा, तुमचं लग्न कुठे जुळलं म्हणून. नवराबायको एकमेकांकडे पाहून हसतील आणि सांगतील, पंचफुलाबाईच्या ओसरीवर. आता घराला मोठेपण यायला याहून जास्त काय लागतं, ते शहाण्यांनी सांगावं.

पंचफुला त्या बंगल्यात आली तेव्हा परकर सावरायचं वय होतं तिचं. बापाला आठवडी बाजारात श्रावण भेटला. श्रावण साहेबाचा खानसामा, तिच्याहून चांगला थोराड. दोघांनी झाडाखाली बसून बोलणं केलं, आणि बापाने घरी येऊन सांगितलं, तुझं जमलं. पोर अंगणात गजगे खेळत होती. तिने एक गजगा वर उडवला होता, तो झेलायचा राहून गेला. तिला कोणी काही विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हेही तिला ठाऊक नव्हतं. श्रावण माणूस म्हणून सोन्यासारखा निघाला, ही गोष्ट खरी. पण तो तसा आहे हे कळेपर्यंत पोरीचा जीव मुठीत होता, ही गोष्टही तेवढीच खरी, आणि ती पंचफुलाबाई कधी विसरली नाही.

साहेबाने बंगला मोठ्या हौसेने बांधला होता. तेव्हा तो गावापासून इतका दूर होता की लोक त्याला जंगलातला बंगला म्हणत. सागवान मेळघाटचं, परतवाड्याहून बैलगाड्यांनी आणलेलं. वऱ्हाडचा उन्हाळा साहेबाला सोसवेना, म्हणून जोतं कमरेएवढं, भिंती दोन हात जाड, आणि उत्तरेच्या अंगाला खाट आडवी टाकली तरी माणसं खुशाल ये-जा करतील एवढी रुंद ओसरी. ओसरीच्या कडेला सागवानी जाळी. बाहेर वैशाखाचं ऊन चटके देत असलं तरी जाळीतून आत येईस्तोवर ते नरम पडायचं. मडम तिथे बसून विणकाम करायची आणि पंचफुला काचा पुसायची.

सत्तेचाळीस साली साहेब विलायतेला गेला. फॅक्टरी मुंबईच्या कोणा मालकांकडे गेली आणि तिच्यासोबत बंगलाही. श्रावणला त्यांनी राखणीला ठेवलं. पुढे श्रावण वारला. त्याच्या बायकोला काढायचं मालक विसरले आणि बाईने त्यांना आठवण करून दिली नाही. मूलबाळ नव्हतं. मागच्या दोन खोल्यांत ती राहायची, रोज सकाळी ओसरी झाडायची, शनिवारी जाळी पुसायची. कोणासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग छप्पनचा दसरा आला. पंचफुलाबाई वस्तीतल्या बायांबरोबर नागपूरला गेली, पांढरं लुगडं नेसून दीक्षा घेऊन आली. घरातल्या कोनाड्यातले देव गेले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. पुढच्या दोन-तीन वर्षांत वस्तीतली पोरं कोणी मास्तर झाली, कोणी रेल्वेत लागली, कोणी तहसिलीत. पोरीही मॅट्रिक व्हायला लागल्या. लग्नं नव्या रीतीने, त्रिशरण-पंचशील म्हणून व्हायची. सगळं नवं, पण मुलगी पाहायला पाहुणे यायचे ते त्याच जुन्या एका खोलीत. चुलीचा धूर, कोपऱ्यात बकरी, दारात शेजारणींची झुंबड. पाहुण्यांना पोरगी दिसायची ती डोळ्यांतून पाणी गळणारी. पाणी धुराने यायचं, पण पाहुण्यांना वाटायचं, पोरगी नाराज आहे.

पंचफुलाबाईची भाची वच्छला पहिली. तिला पाहायला पाहुणे यायचे होते तेव्हा पंचफुलाबाईने भावाला सांगितलं, “तिकडं धुरात काहून मरता? माह्याकडं आना.” तिने ओसरीवर सतरंजी अंथरली, साहेबाच्या वेळच्या वेताच्या खुर्च्या पुसून मांडल्या, आणि भाचीला जाळीपाशी बसवलं. मालकांनी परवानगी दिली होती का? नव्हती. पण नाही तरी कुठे म्हटलं होतं? विचारल्याशिवाय कोणी नाही म्हणत नसतं.

वच्छला पसंत पडली आणि उठून आत गेली. पुरुषमंडळी साखरेची पुडी सोडायला लागली तशी पंचफुलाबाई मध्ये उभी राहिली. “थांबा गा जरा. मी आत जाऊन येतो.” ती आत गेली, दार लावून घेतलं आणि भाचीला विचारलं, “तुले पसंत हाय का?” वच्छला तोंड वासून पाहतच राहिली. मग लाजून हो म्हणाली. तेव्हा कुठे पंचफुलाबाईने बाहेर येऊन साखर वाटू दिली.

त्या दिवसापासून त्या ओसरीची ती रीतच पडली. बाहेर सगळं ठरलं तरी पंचफुलाबाई आत जाऊन आल्याशिवाय ठरलं असं होत नसे. एखाददुसरा म्हातारा कुरकुरायचा, “पोरीले कायचं विचारता?” त्याला ती म्हणायची, “ओसरी माही हाय, रीतबी माहीच राहीन.” ओसरी तिची नव्हती, पण म्हाताऱ्याला ते कुठे माहीत होतं.

आणखी एक गोष्ट हळूहळू पसरली. या ओसरीवर बसलेल्या पोरीला म्हणे कोणी नाकारत नाही. लोक म्हणायचे, जाळीतून येणाऱ्या उजेडाचा गुण आहे, सावळी पोरगी तिथे गव्हाळ दिसते. खरं सांगायचं तर गुण पंचफुलाबाईच्या पायांचा होता. कुठलंही स्थळ आलं की ती आधी आठवडी बाजारात, बसस्टँडवर, नात्यागोत्यात फिरून मुलाची सगळी चौकशी करायची. पितो का, बहिणींशी कसा वागतो, आईला खाऊ घालतो का. जमण्यासारखं नसेल ते स्थळ पायरी चढायच्या आधीच परत जायचं. जोत्यावर चढायचे ते जमणारेच.

एकसष्टच्या हिवाळ्यात जानराव गुरुजींच्या शालूला पाहायला परतवाड्याहून मंडळी यायची होती. जानराव गुरुजी प्राथमिक शाळेत मास्तर, माणूस भला पण घाबरट. चौथीच्या वर्गाला धाकात ठेवणारे गुरुजी त्या दिवशी ओसरीवर येरझारा घालून घामाघूम झाले होते. पाहुण्यांचे चेहरे त्यांनी पाहिलेले नव्हते, पंचफुलाबाईनेही नाही. चौकशी झाली होती ती दुसऱ्यांकडून. बारा वाजायच्या सुमाराला फाटकाशी जीप थांबली. उतरले तिघं. फेटेवाला जाडजूड गृहस्थ, त्याची नाकात नथ घातलेली बायको, आणि तिशीतला एक लाजाळू पुरुष.

आता वऱ्हाडात एक जुना कायदा आहे. दारी आलेल्याला, त्याने पाणी पिऊन दोन घास खाल्ल्याशिवाय, कशाला आलात असं विचारत नाहीत. विचारलं तर तो अपमान. पंचफुलाबाई हा कायदा देवाच्या वर मानायची, आणि देव गेल्यावरही मानत राहिली. तिने पाणी दिलं. गुरुजींनी हात जोडले ते वाढायपुरतेच सोडले. चिवडा आला, लाडू आले, चहा आला. फेटेवाल्या गृहस्थांनी दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण दोन्ही वेळा गुरुजींनी ताटलीत चिवडा ओतला. तिशीतल्या पुरुषाला तर गुरुजींनी एकामागून एक लाडू वाढले, कारण नवरदेव तोच असणार. त्याच्या आयुष्यात एवढा मान त्याला कोणी दिला नव्हता. तो निमूट खात राहिला.

मग शालू बाहेर आली आणि जाळीपाशी बसली. नथवाल्या बाईंचा चेहरा खुलला. “नाव काय व माय?”

“शालू.”

“शाळा शिकली का?”

“मॅट्रिक झाली. आता मास्तरनीच्या ट्रेनिंगले जाऊन राहिली.”

“पाह्यलं का, कशी चटचट बोलते,” बाई नवऱ्याला म्हणाल्या. “माही सुभद्राबी मॅट्रिक हाय. स्वयंपाक येते का तुले?”

इतक्यात फाटक पुन्हा वाजलं. धुळीने माखलेली चार माणसं पायी आली. पुढचा म्हणाला, “जानराव गुरुजी इथंच का? माफ करजा, आसेगावजवळ मोटरीचं चाक फुटलं, म्हनून उशीर झाला.”

लाजाळू पुरुषाच्या हातात लाडू तसाच राहिला. गुरुजींनी एकदा या पाहुण्यांकडे पाहिलं, एकदा त्या पाहुण्यांकडे, आणि जोडलेले हात कोणाकडे वळवावेत हे त्यांना उमजेना.

शेवटी फेटेवाले गृहस्थच बोलले. “मी महादेवराव. दर्यापूरकडचा. हे आमची गोदाबाई, हा माहा साळा देवीदास. मुंबईच्या मालकाइकडून हे घर आमी घेऊन राहिलो, बाई. सागवान किती निंघते ते पाहाले याले आनलं. घर पाडून सरकीचं गोदाम बांधाचं हाय. पोरगी आमच्याच घरी एक हाय, तेच कुठं जमून नाही राहिली, आनखी दुसरी कायले पाहू?”

एरवी या बोलण्यावर पंचफुलाबाई पोट धरून हसली असती. पण घर विकलं जातंय, घर पाडणार, हे तिला अशा रीतीने कळलं, चिवड्याची परात हातात असताना. कुठे जाणार होती ती? भावाच्या खोलीत बकरीशेजारी? आणि वस्तीतल्या पोरींना पाहुणे कुठे पाहणार होते? पण खरे पाहुणे उन्हात उभे होते. तिने परात घट्ट धरली, त्यांना वर बसवलं आणि पाणी आणायला वळली.

तेवढ्यात गोदाबाईंची नजर उघड्या दारातून आतल्या तसबिरीवर गेली. घर कोणाचं, पाणी कोणाच्या हातचं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हातातल्या रिकाम्या कपाकडे पाहिलं. त्यांच्या गावी महारवाड्यावरून वारा आला तरी काही बाया पदर नाकाला लावायच्या, आणि गोदाबाई त्यांतल्याच. महादेवराव हळूच म्हणाले, “आता वं?”

“आता काय?” गोदाबाई म्हणाल्या. “चहा तं पोटात गेला. आता काय उलटी करू? चहा चांगला होता.”

महादेवराव आणि देवीदास आवार मोजायला गेले. गोदाबाई मात्र हलल्या नाहीत. जाळीच्या टोकाला बसून त्यांनी सगळा कार्यक्रम पाहिला. शालूला प्रश्न झाले, शालूने उत्तरं दिली, पाहुणे हो म्हणाले. घर जाणार हे डोक्यात असतानाही पंचफुलाबाई रीतीप्रमाणे आत जाऊन विचारून आली. साखर वाटली गेली. गुरुजी आनंदाने रडले.

पाहुण्यांच्या बोलण्यात ओसरीचा गुण गोदाबाईंच्या कानावर आला होता. पाहुणे गेल्यावर त्यांनी विचारलं, “इथं आलेल्या पोरीले आजवर कोनी नाही म्हनलं नाही म्हनतात, खरं का व?”

“आतापर्यंत तं नाही बाई,” पंचफुलाबाई म्हणाली. “पन त्याचं असं हाय...” ती चौकशीचं सांगणार होती. गोदाबाईंना पुढचं ऐकायचंच नव्हतं. त्यांच्या सुभद्राला चार-पाच स्थळांनी नाकारलं होतं. पोर उंच, रंगाने सावळी, आणि हसली की गावभर ऐकू जायचं. गोदाबाईंनी उपास केले, नवस केले, एका बाबाचा अंगारा आणला. आता त्यांनी सागवानी जाळीकडे पाहिलं आणि त्यांना वाटलं, देव सापडला.

त्यांनी नवऱ्याला तिथल्या तिथे सांगितलं, “घर घ्या. पन माह्या सुभद्राचं या ओसरीवर जुळत नाही तवरक इथल्या लाकडातला एक खिया हालू देनार नाही मी.”

महादेवराव दर्यापूर तालुक्यात कोणाच्या बापाला भीत नसत. घरातलं वेगळं होतं. “बरं,” ते म्हणाले.

घर महादेवरावांचं झालं. पंचफुलाबाईला मागच्या खोल्यांत राहू दिलं. वस्तीतल्या पोरींनाही ओसरी मोकळी राहिली, कारण गोदाबाईंचं म्हणणं पडलं की गुण चालता राहिला पाहिजे, बंद पडला तर उतरतो. लोक म्हणाले, बाई, सुटलीस. पण पंचफुलाबाई सुटली नव्हती. भाकरी थापताना ती हिशेब करायची आणि हिशेब जुळायचा नाही. सुभद्राला पाहुणे हो म्हणाले, तर लग्न लागलं की घर पडणार. नाही म्हणाले, तर ओसरीत गुण नाही हे ठरलं, म्हणजे तरी घर पडणार. इकडे आड तिकडे विहीर. मग ती स्वतःवरच चिडायची, की परक्याच्या लेकीचं लग्न जमू नये असं आपल्या मनात यावंच कसं.

बासष्टच्या वैशाखात दिवस ठरला. गोदाबाई सुभद्राला घेऊन दोन दिवस आधीच आल्या. पाणी त्यांनी आपलं आणलं होतं, पण उन्हात ते संपलं आणि पुढचं पंचफुलाबाईच्या माठातलं चाललं, त्यावर कोणी काही बोललं नाही. सुभद्रा आल्या आल्या सगळ्या घरभर फिरली. जाळीतून बाहेर डोकावली, चिंचा पाडून खाल्ल्या, आणि पंचफुलाबाईला मावशी म्हणायला लागली. तिचं हसू खरंच मोठं होतं. बंद पडलेल्या त्या बंगल्यात इतकं मोठ्याने कोणी हसल्याचं पंचफुलाबाईला आठवत नव्हतं, आणि तिला ते फार आवडलं. त्यामुळे तर तिची आणखीच पंचाईत झाली.

स्थळ अकोल्याचं. मुलगा कापूस मार्केटात नोकरीला. चौकशी पंचफुलाबाईला करता आली नव्हती. गोदाबाईंनी मध्यस्थ गाठून सगळं परस्पर ठरवलं होतं. “तुह्या ओसरीवर एवढा भरवसा हाय,” त्या म्हणाल्या, “मंग चौकशीचं काय काम?”

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, एक काका. सुभद्रा जाळीपाशी बसली. हिरव्या लुगड्यात ती देखणी दिसत होती, उजेडाचा गुण असो वा नसो. वडिलांनी नाव विचारलं, काकांनी शिक्षण विचारलं. मुलगा वर पाहत होता. आढ्यापासून वाशांपर्यंत त्याची नजर फिरली. त्याने महादेवरावांना विचारलं, “इहिरीले उन्हायात पानी राह्यते का?” मग विचारलं, मागे खोल्या किती. मग विचारलं, सडकेपर्यंतची जागा याच घराची का. शेवटी सुभद्रा उठून आत गेल्यावर तो वडिलांच्या कानाशी लागला आणि वडील म्हणाले, “आमाले पसंत हाय.”

गोदाबाईंनी हात जोडून जाळीला नमस्कार केला. महादेवरावांनी हुश्श केलं. त्यांना पोरीचं लग्नही दिसलं आणि सरकीचं गोदामही.

पंचफुलाबाई दारात उभी होती. आता आत जायचं आणि विचारायचं, ही तिची रीत. पण ही रीत वस्तीतल्या पोरींसाठी होती. इथे तिच्याकडून कोणी तशी अपेक्षा केलेली नव्हती. ती गप्प राहिली असती तर कोणी बोट दाखवलं नसतं. लग्न दिवाळीनंतर लागलं असतं आणि तोवर घर उभं राहिलं असतं. तेवढे महिने तरी हातचे होते. आणि विचारलं, आणि पोर नाही म्हणाली, तर महादेवराव दुसऱ्या दिवशीच पहारी घेऊन माणसं धाडतील. साखरेची पुडी सुटायला लागली होती.

“थांबा गा जरा,” पंचफुलाबाई म्हणाली. “मी आत जाऊन येतो.”

सुभद्रा आत खाटेवर बसून पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होती. पंचफुलाबाईने दार लावलं. “माय, तुले पसंत हाय का?”

सुभद्राने मान वर केली. “मले विचारून राहिली तू?”

“हाव.”

“आजवर कोनी विचारलं नव्हतं मावशी. नाही म्हनत होते ते लोकच म्हनत होते.” तिने अंगठ्याने फरशी घासणं थांबवलं. मग म्हणाली, “त्यानं मले एक सवाल केला नाही. घराचे तीन केले. माह्याकडं पाह्यलंच नाही त्यानं. मी नाही म्हनू शकतो का?”

“म्हनू शकते.”

“मंग नाही.”

घर गेलं, हे पंचफुलाबाईला कळलं. तरी तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. बाहेर येईस्तोवर तिच्या मनात एकच होतं, की निदान खोटं बोलून घर राखलं असं तरी होणार नाही. ओसरीवर येऊन तिने स्पष्ट सांगितलं, “पोरगी नाही म्हनते.”

आधी कोणाला कळलंच नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले. गोदाबाई मटकन बसल्या. महादेवरावांचा चेहरा फेट्यासारखा लाल झाला आणि ते पंचफुलाबाईवर ओरडणार, तेवढ्यात मुलाचे वडीलच ओरडले. “हे काय चाल्लं? आमाले तं मध्यस्थानं सांगतलं होतं, एकुलती पोरगी हाय, बंगला पोरीच्या नावानं होनार हाय! म्हनून तं आमी हो म्हनलं!”

“कोनता बंगला?” महादेवराव म्हणाले.

“हाच.”

“हा?” महादेवरावांचा आवाज एकदम खाली आला. त्यांचं भांडण ज्यांनी ऐकलं आहे त्यांना माहीत आहे, ओरडतात तोवर भीती नाही. “माहं गोदाम होनार हाय इथं. गोदाम तुमाले पाह्यजे? चहा पेला का तुमी? पेला असन तं निंघा.”

पाहुणे निघाले. जाताना काकांनी उरलेला चिवडा रुमालात बांधून नेला, हे पंचफुलाबाईने पाहिलं.

महादेवराव खुर्चीत बसून पायाने ताल धरून होते. “झालं,” ते बायकोला म्हणाले. “पाह्यला तुह्या ओसरीचा गुण. उद्या मानसं लावतो. पाडून टाकतो.”

पंचफुलाबाई भिंतीला टेकली. हेच होणार हे तिला ठाऊक होतं.

गोदाबाई विचार करत होत्या. मग त्यांनी पदर सावरला आणि नवऱ्याकडे वळल्या. “काहून पाडता? गुन आला नाही का? त्याइनं हो म्हनलं का नाही?”

“म्हनलं. घराच्या लालचीनं.”

“कायच्याबी लालचीनं म्हनो. हो तं म्हनलं! आजवर कोन्या पाहुन्यानं माह्या सुभद्राले हो म्हनलं होतं? या ओसरीवर म्हनलं. नाही म्हनाली ते आपली पोरगी. आपल्या पोरीवर ओसरीचा काय इलाज?”

महादेवरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

“अन् तुमी मले सबद देल्ला हाय,” गोदाबाई म्हणाल्या, “का सुभद्राचं जुळत नाही तवरक घराले हात लावनार नाही. जुळलं का? नाही जुळलं. मंग?”

पंचफुलाबाईने हिशेब कितीदा मांडला होता, पण हा रस्ता तिला कधी दिसलाच नव्हता. पाहुणे हो म्हणतील किंवा नाही म्हणतील, एवढंच तिने धरलं होतं. पाहुणे हो म्हणूनही पोरगीच नाही म्हणाली, तर गुणही राहतो आणि शब्दही राहतो, हे तिने, रोज पोरींना विचारणाऱ्या बाईने, धरलंच नव्हतं! तिला हसू फुटलं. तोंडाला पदर लावला तरी आवरेना.

सुभद्रा दारात येऊन उभी होती. आईबापाचा नूर पाहून तिने तेवढ्यात आपलं घोडं दामटलं. “बाबा, मले कालेजात टाका. राहाले घर हाय, संगं मावशी हाय. खोली भाड्यानं घ्याची गरज नाही.”

“लग्न?” गोदाबाई कळवळून म्हणाल्या.

“ओसरी कुठं पयून चालली, माय? बी.ए. झाल्यावर बसतो ना तिथंच. विचारून बसवजा म्हंजे झालं.”

महादेवराव उठले आणि जीपकडे गेले. हो की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची हिंमत कोणाची झाली नाही. पंचफुलाबाई हात पुसत मागोमाग फाटकापर्यंत गेली. ते गाडीला टेकून छपराकडे पाहत उभे होते. मुंबईच्या मालकांनी लक्ष काढून घेतल्यापासून दोन पावसाळे त्या छपराच्या कवेलूंना, म्हणजे कौलांना, कोणी हात लावला नव्हता. मधल्या खोलीत गळायचं आणि पंचफुलाबाई खाली घंगाळ ठेवायची. पाडायच्या घराचे कवेलू कोण फेरतो?

“पंचफुलाबाई,” महादेवराव छपरावरची नजर न हटवता चिडक्या आवाजात म्हणाले, “पाऊस लागाच्या आधी मानूस पाहून कवेलू फेरून घ्या. वाशे कुजतीन नाहीतं.”

जीप धुरळा उडवत गेली. पंचफुलाबाई परत आली, पायरीवर बसली आणि घळाघळा रडायला लागली. श्रावण गेला तेव्हाही ती अशी मोकळी रडली नव्हती. सुभद्रा धावत आली, तिच्यापाशी उकिडवी बसली.

“काय झालं व मावशी? काय म्हनले बाबा? काहून रडून राहिली?”

“कवेलू फेराचे हायत, माय,” पंचफुलाबाई म्हणाली, आणि पदरात तोंड घालून पुन्हा रडू लागली.